धारूरच्या सोंडेवर

शहाजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने धारूरच्या लढाईची हकिगत लिहिताना एक साधी नोंद करून ठेवली आहे. किल्ला मजबुतीसाठी दख्खनभर नावाजलेला, डोंगराच्या सोंडेवर उभा, दोन बाजूंना उतरायला अवघड अशा दऱ्या, हे सगळं तो सांगतोच. पण त्याच ओघात तो हेही सांगतो की किल्ल्याला लागून कसबा आणि पेठ आहे, आणि आठवड्यातून एकदा चहूकडच्या मुलखातली माणसं तिथं खरेदी-विक्रीसाठी गोळा होतात. आठवडी बाजाराची ही नोंद एका ओळीची आहे. बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्या साध्या माणसांबद्दल मुघल दरबारानं लिहिलेल्या ज्या मोजक्या ओळी आहेत, त्यांतली ही एक. राजे, सरदार, किल्लेदार यांची नावं पानोपानी सापडतात. बाजरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन घाट चढणारं माणूस मात्र एवढ्या एका ओळीत दिसतं आणि पुढच्याच ओळीत ती पेठ लुटली जाते.

हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं सह्याद्रीचा एक फाटा आग्नेयेकडं निघतो. नगर जिल्हा ओलांडून तो बीडमध्ये शिरतो आणि पुढं धाराशिव, लातूरकडं जातो. हाच बालाघाट. बीड जिल्ह्याचे त्यानं सरळ दोन भाग केले आहेत. उत्तरेला गंगाथडी, म्हणजे गोदावरीकाठचा सखल मुलूख: गेवराई, माजलगाव, काळी कसदार जमीन. इथं गोदेला गंगाच म्हणतात. आणि वर घाटमाथा: आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, अंबाजोगाई. माथा सपाट, कडा तुटलेल्या, माती हलकी, खाली लगेच मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. बाजरी, हुलगा, मटकी, तूर ही इथली जुनी पिकं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यानं पाऊस बेताचा, आणि त्याचाही भरवसा नाही.

धारूरच्या आसपास माथ्यावर पडलेलं पाणी घराच्या आढ्यावर पडलेल्या पावसासारखं दोन पाख्यांवर वाटलं जातं. उत्तरेकडचं सिंदफणेच्या खोऱ्यातून गोदावरीला जातं. दक्षिणेकडचं केजच्या बाजूनं मांजरेला मिळतं. मांजरा उगम पावते याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ. तिथून लातूर, बीदर, तेलंगण असा मोठा वळसा घेऊन ती कंदकुर्तीपाशी शेवटी गोदावरीलाच मिळते. दोन्हीकडचं पाणी अखेर एकाच नदीत जातं, पण ज्या माथ्यावर ते पडलं तिथं मात्र थांबत नाही. बालाघाटाच्या इतिहासाचा निम्मा भाग या उतारात आहे. उरलेला निम्मा घाटवाटांत आहे. गोदाकाठावरून दक्षिणेकडं जायचं तर हा डोंगर चढावाच लागतो, आणि चढायच्या वाटा मोजक्या. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट, पश्चिमेकडं खर्ड्याच्या बाजूला उतरणारा मोहरीचा घाट. ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात दोन्हीकडचा मुलूख. गावंदरा, चारदरी, सोनीमोहा, आरणवाडी, चोरांबा अशी गावं या दऱ्याखोऱ्यांत वसली आहेत. त्यांच्या अंगणातून सैन्यं गेली, आणि कुठल्याच तहात त्यांचं नाव आलं नाही.

धारूरला राष्ट्रकूटांच्या काळी महादुर्ग नावाचा किल्ला होता असं परंपरा सांगते. आज जो उभा आहे त्याची हकिगत मात्र १५६५ नंतर सुरू होते. त्या वर्षी राक्षसतागडीच्या रणात विजयनगर कोसळलं आणि दख्खनच्या शाह्यांना एकत्र बांधून ठेवणारा शत्रूच उरला नाही. लगेच त्या एकमेकांच्या मुळावर उठल्या. अहमदनगरचा हुसेन निजामशहा त्याच वर्षी वारला. गादीवर कोवळा मुर्तझा बसला आणि कारभार त्याची आई खुंझा हुमायून हिच्या हाती गेला. विजापूरच्या अली आदिलशहानं हीच वेळ साधली. त्यानं किश्वरखान लारी या आपल्या सरदाराला फौज देऊन निजामशाहीच्या अंगावर धाडलं. मुलूख दाबून धरायचा तर पाय रोवायला जागा हवी. किश्वरखानानं ही सोंड हेरली आणि १५६७ च्या सुमारास तिच्यावर नव्यानं किल्ला बांधून काढला. दोन बाजू दऱ्यांनी राखलेल्या, उरलेल्या बाजूला तट आणि खंदक. आत पावसाचं पाणी धरणारे तलाव: एकाला लोक गोडी दिंडी म्हणतात, दुसऱ्याला खारी दिंडी. कोरड्या माथ्यावर किल्ला टिकवायचा तर पहिला प्रश्न पाण्याचा, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

दोनच वर्षांत मुर्तझानं आईच्या हातून कारभार काढून घेतला आणि तो धारूरवर चालून आला. पुढचा प्रसंग फरिश्ता सांगतो. फरिश्त्याचं बालपण आणि तारुण्य अहमदनगरात गेलं होतं, या घराण्याच्या पदरी तो राहिला होता. म्हणून त्याच्या हकिगतीत ऐकीव गोष्टीचा रंग असला तरी ती दूरच्या माणसाची नाही. तो सांगतो की निजामशहा जवळ आल्यावर किश्वरखानानं त्याला एक मोहोरबंद चिठ्ठी पाठवली. मजकूर इतका उद्धट होता की तरुण सुलतानाचा संताप अनावर झाला. चिठ्ठी टाकून देऊन तो घोड्यावर बसला, आणि किल्ल्यात शिरेपर्यंत उतरायचं नाही असं त्यानं ठरवलं. वेढ्याची तयारी नाही, तोफा लावलेल्या नाहीत, असं उघड्यावर जाणं वेडेपणाचं आहे, अशी सरदारांनी विनवणी केली. त्यानं फक्त चिलखत चढवायचं तेवढं मान्य केलं. तटावरून गोळ्या आणि बाणांचा मारा सुरू झाला. माणसं पडली, घोडे पडले. आणि मग एकाएकी किल्ला गप्प झाला. दिंडीदरवाजातून माणसं आत शिरली तेव्हा शिबंदी पळालेली आणि किश्वरखान बाण लागून मेलेला. त्याचं डोकं कापून तटावर टांगलं गेलं.

हा प्रसंग साधारणपणे सुलतानाच्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक माणूस पडताच एवढा बेलाग किल्ला रिकामा कसा झाला? कारण त्या तटावर उभ्या असलेल्या माणसांचं त्या सोंडेशी काही नातंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती परमुलखातून आली होती. धनी गेला, त्यांचं कामही संपलं. पेठेतली माणसं, दरीतले गुराखी, घाटातले वाटाडे मात्र तिथंच राहिले. सारा कालपर्यंत विजापूरकरांना द्यायचा होता, आता अहमदनगरकरांना. भिंती नव्या, मागणारे नवे, देणारे तेच.

साठ वर्षांनी या माथ्यावर जे आलं त्यापुढं १५६९ ची चकमक काहीच नव्हती.

मुघलांच्या कागदांत ‘बालाघाट’ हा शब्द बराच ऐसपैस येतो. घाटावरचा सगळा दख्खन त्यात धरलेला असतो. आपली डोंगररांग त्यातली एक कड. तर जहांगीरच्या अखेरच्या काळात दख्खनचा मुघल सुभेदार होता खानजहान लोदी. त्यानं पैसे घेऊन हा बालाघाट निजामशहाला परत देऊन टाकला, असं दरबारी इतिहासकार लिहितात. रक्कम सांगतात तीन लाख होन. एका कागदानं अख्खा मुलूख एका हातातून दुसऱ्या हातात गेला. शहाजहान तख्तावर आल्यावर याच खानजहाननं बंड केलं आणि १६२९ च्या ऑक्टोबरात आग्र्याहून पळून तो निजामशहाच्या आश्रयाला आला. निजामशहानं त्याला बीड जहागीर दिलं. त्याला धरायला खुद्द शहाजहान १६३० च्या मार्चमध्ये बऱ्हाणपुरात येऊन बसला आणि त्यानं आझमखानाला मोठी फौज देऊन दक्षिणेत उतरवलं.

या सगळ्याच्या जोडीनं दुसरी एक गोष्ट घडत होती. १६३० चा दुष्काळ महाराष्ट्राला माहीत आहे. तुकोबांची पहिली पत्नी त्यातच गेली, घर बसलं, धंदा बुडाला. पण लाहोरीचा मजकूर नीट वाचला तर लक्षात येतं की दख्खन आणि गुजरातेत सगळीकडं पाऊस बुडाला त्याच्या आदल्या वर्षीच बालाघाटात पाऊस झाला नव्हता. म्हणजे बाकीच्यांचं पहिलं दुष्काळी साल हे या डोंगराचं दुसरं होतं. कणग्या आधीच तळाला गेलेल्या. बियाणं खाऊन संपलेलं. गुरं काही मेलेली, काही विकलेली. आणि अशा मुलखात घोडे, हत्ती, बैल, बाजारबुणगे यांच्यासह बादशाही फौज चढून आली. धारूरचा विचार करताना माझ्या मनात तटापेक्षा हे साल आधी येतं. दुष्काळानं माणसं मेली असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. पण उपाशी मुलखावर फौज आणून सोडणं ही माणसाची करणी होती.

आझमखानानं रातोरात मजल मारून खानजहानला बीडजवळच्या राजुरीपाशी गाठलं. खानजहान निसटला पण त्याचा पुतण्या बहादूरखान मारला गेला. तिथून तो दौलताबादच्या रोखानं पळाला, पुढं उत्तरेत गेला आणि १६३१ च्या सुरुवातीला मारला गेला. याच सुमारास शहाजीराजे निजामशाही सोडून मुघलांकडं आले होते. सासरे लखुजी जाधवराव यांचा १६२९ मध्ये दौलताबादेत दरबारात खून झाला होता. शहाजीराजांचा हा मुक्काम थोड्याच दिवसांचा ठरला. पण त्या साली बालाघाटात कोण कोणाच्या बाजूला आहे हे महिन्यामहिन्याला बदलत होतं, हे त्यावरून कळतं.

निजामशाही सरदारांचा पाठलाग करत आझमखान घाट चढून धारूरपाशी आला. किल्ला सहज पडणार नाही हे त्याला दिसत होतं. म्हणून आधी पेठेवर हात टाकायचा, दाणागोटा आणि सामान लुटायचं, असं त्यानं ठरवलं. लाहोरीची ती बाजाराची ओळ इथं येते. पेठ लुटली गेली. मग सैन्य खंदकापर्यंत गेलं आणि १६३१ च्या जानेवारीत किल्लाही पडला. किल्लेदार सिद्दी सालिम होता. निजामशाही सरदारांची कुटुंबं सुरक्षित म्हणून तिथं आणून ठेवली होती, ती मुघलांच्या हाती लागली. धारूरचं नाव फतेहाबाद झालं.

विजापूरकरांनी लगेच मागणी केली की धारूर आम्हाला द्या, ठरलं तसं होतं. मुघलांनी दिला नाही, आणि त्यावरून दोघांचं बिनसलं. आझमखान परांड्याला वेढा घालायला पुढं गेला तर तिथं जनावरांना घालायला गवत नव्हतं. कोसकोस हिंडूनही चारा मिळेना. वेढा उठवून तो माघारी धारूरला आला. दुष्काळानं बादशाही फौजेचाही पाय मागं घेतला तो असा.

शहाजहाननं बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथं अन्नछत्रं उघडली. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम झाला, वीस आठवडे. सारामाफीही दिली. मुमताजमहल याच मुक्कामात जून १६३१ मध्ये वारली आणि बादशहाचं लक्ष दख्खनवरून उडालं. अन्नछत्रांच्या या नोंदीत शहरांची नावं आहेत. ज्या बालाघाटात सगळ्यांच्या आधी पाऊस बुडाला त्याचं नाव नाही. जगायचं तर माणसानं डोंगर उतरून शहराच्या वाटेला लागावं, एवढाच त्याचा अर्थ होता. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरकडं गेला. त्यानं वाटेत पाहिलेल्या प्रेतांच्या आणि तगमगणाऱ्या माणसांच्या नोंदी वाचवत नाहीत.

या मोहिमेत आणखी एक मोठा जमाव डोंगरावर आला, आणि त्यातली काही माणसं इथली झाली. मुघल फौजांना धान्य पुरवायचे ते बैलांच्या पाठीवर माल वाहणारे तांडे. मंडीनं १६३२ मध्ये उत्तरेत चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिला होता. बंजारा समाजाची परंपरा सांगते की आसफखानाच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी या राठोड नायकांचे एक लाख ऐंशी हजार बैल होते. त्यांचा मान इतका, की त्यांच्या जनावरांना पाणी आणि चारा कुठंही घ्यायची मुभा बादशहानं ताम्रपटावर कोरून दिली. आकडा परंपरेचा आहे, तो तसाच घ्यावा. पण मोहिमेचा काळ आणि बैलांवरची भिस्त खरी आहे. धारूर, वडवणी, माजलगाव, परळी या पट्ट्यात डोंगराच्या कडेकडेनं आज जे तांडे आहेत त्यांची बोली आणि गोत्रं त्या प्रवासाची साक्ष देतात. वंजारी समाज बंजाऱ्यांहून वेगळा. त्याच्याही जुन्या आठवणी बैलांच्या पाठीवर धान्य वाहण्याच्याच आहेत. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांत हा समाज मोठ्या संख्येनं आहे. रस्ते झाले, आगगाडी आली आणि बैलांचा व्यापार मोडला. बैल आणि माणसं डोंगरावर उरली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं हेच बैल दुसऱ्या गाडीला जुंपले गेले.

धारूरच्या नावाशी मराठी माणसाची एक जखम जोडलेली आहे. पुरंदरच्या तहानंतरच्या घडामोडींत नेताजी पालकर शिवाजी महाराजांपासून दुरावला आणि मिर्झाराजे जयसिंगाकडं गेला. १६६६ च्या ऑगस्टात महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाला धास्ती पडली की आता नेताजीही जाईल. हुकूम सुटला आणि ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूरच्या मुक्कामी नेताजीला पकडलं गेलं. तिथून त्याला उत्तरेत नेलं. पुढच्या वर्षी तो महंमद कुलीखान झाला, काबूलच्या बाजूला धाडला गेला, आणि दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, महाराजांकडं परत आला. प्रतिशिवाजी म्हणून ज्याचा लौकिक, त्याचा पराक्रम ज्यांनी ऐकला होता त्यांच्या डोळ्यांदेखत त्याला याच घाटातून नेलं असणार.

मधला काळ भराभर ओलांडतो. १७२४ नंतर हा मुलूख निजामाकडं गेला. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनावर थोरल्या माधवरावांनी निजामाची फौज मोडली, ती गोदाकाठी, डोंगराच्या उत्तरेला. मार्च १७९५ मध्ये निजाम अलीखान मोहरीच्या घाटानं खाली उतरला आणि खर्ड्याला पेशव्यांच्या सैन्यानं त्याला कोंडलं. खर्ड्याच्या गढीत पाण्यावाचून निजामाची माणसं तडफडली. बालाघाटाच्या पायथ्याशी पाणी हे शस्त्र होऊ शकतं, हे तिथं सगळ्या हिंदुस्थानानं पाहिलं. १८१८ ला पेशवाई बुडाली, नगर इंग्रजांकडं गेलं, बीड निजामाकडं राहिलं, आणि ही रांग दोन राज्यांच्या सीमेवर येऊन पडली. पलीकडं इंग्रजी मुलूख, अलीकडं मोगलाई. माल इकडून तिकडं न्यायचा तर करोडगिरीचा नाका. पलीकडं नगरला १८७८ मध्ये मनमाड-दौंड मार्गाची आगगाडी आली. अलीकडं घाट होते तसेच राहिले. शंभर-सव्वाशे वर्षं या डोंगराची किंमत सरहद्द म्हणूनच होती, आणि सरहद्दीवर कोणी विहिरी खोदत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. नाके उठले.

त्या काळी डोंगरावर दुसरेही गड होते. यांना तट नव्हते. नारायणगड, गहिनीनाथगड, भगवानगड ही वारकऱ्यांची आणि नाथपंथाची ठिकाणं. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला १८९६ मध्ये जन्मलेले भगवानबाबा आधी नारायणगडावर होते. नंतर बीड-नगरच्या सीमेवर धौम्यगडावर त्यांनी स्वतःचं ठाणं मांडलं. १९५८ मध्ये यशवंतराव चव्हाण तिथं आले आणि त्या जागेला भगवानगड हे नाव मिळालं. सप्ताह, पंगत, पशुहत्या बंद करा, व्यसन सोडा, पोराला शाळेत घाला. जमीन गेली तरी चालेल पण शिक्षण सोडू नका, असं ते सांगत. ज्या समाजाला शतकानुशतकं फक्त ओझी वाहायला बोलावलं गेलं, त्याला कोणीतरी पहिल्यांदा त्याच्याच डोंगरावर बोलावत होतं. दसऱ्याला गडावर जो मेळा भरू लागला त्याचं वजन कळायला दसऱ्यानंतर काय होतं ते माहीत हवं.

दसऱ्यानंतर टोळ्या घाट उतरतात. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग कालव्याच्या पाण्यावर नगर, पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापुरात कारखाने वाढत गेले. ऊस तोडायला माणसं हवी होती. ती शेजारच्या डोंगरावर होती, आणि बैलांसकट होती. मग १९७२ आलं. सलग पावसानं दगा दिला आणि घाटमाथा पार वाळून गेला. त्या सालाच्या आठवणी अजून जिवंत आहेत: खडी फोडायची कामं, मजुरीत मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. दुष्काळात शासनानं काम द्यायला हवं ही गोष्ट या देशात प्रथम कायद्यात आली ती बालाघाटासारख्या डोंगरांवरच्या माणसांच्या घामातून. तरीही १९७२ नंतर जो घाट उतरला तो दरवर्षी उतरतच राहिला.

ऊसतोडीचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यात होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती फिटेपर्यंत तोडायचं. बैलगाडी असेल तर गाडी सेंटरला, नसेल तर डोक्यावर मोळ्या वाहायच्या डोकी सेंटरला. उघड्या रानात कोपी घालायची. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की मार्च-एप्रिलात परत डोंगर चढायचा. त्यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा, धनगर, दलित, मुसलमान सगळे आहेत. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांनी या लोकांना संघटित केलं, संप झाले, दर वाढले. ते मोठं काम होतं. पण अर्ध्या कोयत्याच्या हिशेबात बाईच्या अंगाचं काय होतं ते २०१९ मध्ये बाहेर आलं. विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं त्यात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. एक दिवस खाडा झाला तर दंड, पाळी आली तरी मोळी उचलायची. असल्या जगण्यात डॉक्टरनं काढून टाका म्हटलं की बाई हो म्हणते. १६३१ मध्ये पेठ लुटली गेली, तिचं एका ओळीत का होईना, लिहून ठेवलं गेलं. या बायांचं लिहायला पन्नास वर्षं लागली.

आणि पाणी? मांजरेवर धनेगावला धरण झालं, सिंदफणेवर माजलगावला झालं. दोन्ही मोठी, दोन्ही गरजेची, दोन्ही डोंगराच्या खाली. लातूर शहर मांजरेच्या पाण्यावर वाढलं. २०१६ मध्ये ते धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, देशभर त्याच्या बातम्या झाल्या. ज्या माथ्यावरून ती नदी निघते तिथं टँकर दर उन्हाळ्यात येत होते, त्याची बातमी होत नव्हती.

माथ्यानं एक गोष्ट मात्र स्वतःसाठी राखली आहे. सीताफळ मूळचं अमेरिकेतलं झाड. किश्वरखानाच्या काळात ते या देशाला नवंच होतं. आज धारूरच्या घाटात, दऱ्यांच्या उतारावर, किल्ल्याच्या पडक्या तटांतही तेच आहे. त्याला खोल माती लागत नाही, पाणी फारसं लागत नाही, शेळी पाला खात नाही. ऑक्टोबरात फळाच्या खवल्यांमधल्या रेघा रुंदावून पांढुरक्या पिवळ्या होतात, त्याला डोळा उघडला म्हणतात. डोळा उघडलेलं तेवढं फळ तोडायचं, पाला घालून पाटीत लावायचं आणि सकाळी घाटाच्या वळणावर बसायचं. आरणवाडीच्या बाजूनं येताना रस्त्याच्या कडेला बाया पाट्या मांडून बसलेल्या असतात, तेव्हा तो लाहोरीनं नोंदलेल्या बाजाराचाच धागा आहे असं मी मानतो: लागवड कोणाची नाही, सारा कोणाला नाही, विकणारी तीच आणि तोडणारी तीच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फळाचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. तो सरतो तेव्हा मुकादमाची गाडी दारात आलेली असते.

धारूरच्या किल्ल्याचा इतिहास फारसी पोथ्यांत सुरक्षित आहे. डोंगराचा तसा नाही. पण तो लिहिण्याजोगी साधनं आजही गावागावांत पडून आहेत: बाहत्तर सालच्या कामांची हजेरीपत्रकं, मुकादमांच्या उचलीच्या वह्या, ज्यांत टोळीतल्या प्रत्येक कोयत्याचं नाव, गाव, घेतलेली रक्कम आणि फिटलेली रक्कम सालवार लिहिलेली आहे. कोण किती साली कुठल्या कारखान्यावर होतं, कर्ज बापाकडून पोराकडं कसं आलं, मध्येच कोणाचं नाव का गेलं, हे त्या वह्यांइतकं नेमकं दुसरं कुठंच सापडणार नाही. पहिल्या पिढीचे मुकादम आता थकले आहेत आणि वह्या माळ्यावरून रद्दीत चालल्या आहेत. अंबाजोगाई, बीड, धारूरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या पोरांनी त्या आत्ताच गोळा करायला घ्याव्यात. त्यातली निम्मी पोरं त्याच टोळ्यांमधल्या घरांतली आहेत. नावं वाचताच त्यांना माणसं ओळखू येतील.